रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज

केजला माझं स्पेअरपार्टचं दुकान आहे. क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन, ऑइल, आरसे. गिऱ्हाईक पार्ट घ्यायला येतं आणि जाता जाता विचारतं, "नवी घ्यायचीय, कोणती घेऊ?" मी एकदोन गाड्या सुचवल्या की पुढचा प्रश्न ठरलेला, "किती देती?" म्हणजे लिटरला किती पळते. आमच्याकडं पोरीला स्थळ बघताना इतकी चौकशी होत नसेल. मी आकडा सांगतो, माणूस समाधानानं जातो. तो आकडा रिकाम्या गाडीचा असतो, सपाट रस्त्यावरचा, हे मी सांगत नाही. कुणी विचारतही नाही. पण एकदा सांगायला हवं होतं, आणि मला ते चांगलं ठाऊक होतं. त्याचंच हे लिहितो आहे.

मागल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक पोरगी दुकानात आली. पोरगी म्हणजे सव्वीस-सत्तावीसची, कामाची बाई. जनावरांचा डिप्लोमा करून वस्त्यांवर फिरते, गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करते, लसी टोचते. वस्तीवरचे लोक तिला डाक्टरीन म्हणतात. तिचा बाप माझा शाळेतला जोडीदार. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. त्याच्या घरी मेंढरं, आमच्या घरी शेती. पुढं तो आमच्या गावच्या दूध संस्थेचं दूध वाहायचा आणि मी त्याच संस्थेचा सेक्रेटरी होतो. आता तो गावात पिठाची गिरणी चालवतो, बसून. त्याचा डावा घोटा वळत नाही.

तिनं काउंटरवर मोबाइल ठेवला. "काका, ही घ्यायचीय."

फोटोत एक उंच, हडकुळी गाडी होती. रुंद हँडल, सपाट लांब सीट, वर उचललेलं मडगार्ड. खाली मात्र रस्त्यावरच्या गाडीची जाडजूड, गुळगुळीत चाकं.

"सुपरमोटो म्हणतात हिला," ती म्हणाली. "नारायणगडाच्या यात्रेत एकाची उभी होती. मी तिथंच बसून बघितली. काय उंच हाय, काका! खड्डा कळत न्हाई."

ही जात मला माहीत होती. मातीतल्या शर्यतीची गाडी घ्यायची आणि तिला डांबरी रस्त्याची चाकं लावायची, असला तो प्रकार. सस्पेन्शन लांब, वळायला हलकी. या पोरीच्या गाडीला मागं नायट्रोजनचं कॅन बांधलेलं असतं, त्यात गोठवलेल्या रेताच्या कांड्या. ते आदळून चालत नाही. तिची आत्ताची स्कूटर खड्ड्यात गेली की ती आधी मागं वळून कॅन बघते, मग स्वतःला. तेव्हा तिचा विचार अगदीच हवेतला नव्हता.

"इंजिन तीन मिळत्यात," ती म्हणाली. "दीडशेच्या आसपासचं, दोनशेचं, आन् चारशेचं. अप्पाला विचारलं तर अप्पा म्हणले, सेक्रेटरीला इचार. त्याच्याशिवाय कुणाला कळतंय त्यातलं?"

ते वाक्य मी याआधी एकदा ऐकलं होतं. त्याच माणसाच्या तोंडून.

मी फोटोकडं बघत राहिलो आणि म्हणालो, "चारशेची घे."

"चारशे?"

"घ्यायची तर मोठीच घ्यावी. पुन्हा पुन्हा होत नाही."

तिचा चेहरा खुलला. चहा न घेता गेली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "आज काय, गुणगुणायलात?" एरवी मी गुणगुणत नाही.

आता मागचं सांगतो.

मी बीडला आयटीआय केलं होतं, मोटार मेकॅनिक. नोकरी लागली नाही, म्हणून दूध संस्थेत सेक्रेटरी झालो. गावात इंजिनचं काही विचारायचं झालं की लोक माझ्याकडं यायचे. पाण्याची मोटर किती हॉर्सपॉवरची, ट्रॅक्टर कोणता, सगळं. माझ्याकडं एक जुनी शंभर सीसीची गाडी होती, दुसऱ्याच्या हातची. ती मी रोज फडक्यानं पुसायचो. गावात सायकली पुष्कळ, गाड्या मोजक्या. सेक्रेटरी येतोय हे आवाजावरून कळायचं, आणि ते मला आवडायचं.

मग छावणीचं वर्ष आलं. आधीचा पाऊस झालाच नव्हता. कारखाने लवकर बंद झाले, ऊसतोडीला गेलेली माणसं लवकर परतली. तलाव आटला, आणि त्याच तलावाच्या पोटात संस्थेनं चारा छावणी चालवायला घेतली. टँकरचं पाणी, उसाच्या शेंड्यांची वाढी, पंचक्रोशीतली जनावरं दावणीला. गावातलं दूध आता गावात नव्हतं, छावणीत होतं. ते होतं थोडं. आजवर दूध खाली नेणारा जीपवाला म्हणाला, एवढ्याशा दुधासाठी मला फेरी परवडत नाही. मग संस्थेच्या सभेत ठरलं की दूध वाहणाऱ्याला मोटरसायकल घेऊन द्यायची. दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल, त्यात चाळीस-चाळीस लिटरची दोन कॅन. शीतकरण केंद्र खाली सपाटीवर, सहा-सात किलोमीटरवर. सहज जमण्यासारखं होतं.

गाडी घ्यायला आम्ही तिघं बीडला गेलो. चेअरमन, दूध वाहणार होता तो माझा शाळेतला जोडीदार आणि मी. शोरूममध्ये शंभरची होती, दीडशेचीही होती. तो दीडशेच्या गाडीवर बसला. नुसता बसला. समोर काच होती, तिच्यात त्यानं स्वतःला बघितलं आणि हसला. डोक्याला फेटा, पायांत टायरच्या चपला, आणि खाली ती काळी, चकचकीत, टाकीला रुंद गाडी. चेअरमन म्हणाले, "आरं, शोभतो की बे! पाटील दिसायलास."

मला त्या क्षणी जे वाटलं, त्याला मी कितीतरी वर्षं नाव दिलं नाही. आता देतो. मला त्याचं त्या गाडीवर बसणं बघवलं नाही. उद्या गावात आवाज येईल आणि लोक म्हणतील, दूधवाला आला. मागून माझी शंभरची फटफट येईल. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला माणूस संस्थेच्या पैशानं माझ्यापेक्षा मोठ्या गाडीवर. इतकंच ते. याच्याहून मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

चेअरमननी विचारलं, "सेक्रेटरी, तू सांग."

मी शोरूमवाल्याकडं वळून विचारलं, "किती देती?"

त्यानं दोन्ही गाड्यांचे आकडे सांगितले. शंभरची अर्थातच जास्त देत होती. त्या प्रश्नापुढं आमच्याकडं कुणाचं काही चालत नाही. चेअरमननी मान हलवली. मी म्हणालो, "सपाटीचा रस्ता आहे. शंभरची भरपूर झाली."

तो लगेच गाडीवरून उतरला. नाराज नव्हता. म्हणाला, "तुझ्याशिवाय कुणाला कळतंय त्यातलं? तू म्हणशील ती."

माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा जिल्हा दूध संघाचं पत्र होतं. आदल्या दिवशीच आलं होतं. दूध कमी झाल्यामुळं खालचं शीतकरण केंद्र पुढच्या पंधरवड्यापासून बंद राहील, सर्व संस्थांनी दूध वरच्या केंद्रावर पोचवावं. वरचं केंद्र घाटाच्या माथ्यावर. पत्र माझ्याशिवाय कुणी वाचलेलं नव्हतं. भरलेली दोन कॅन आणि वर माणूस, म्हणजे किती ओझं आणि शंभरचं इंजिन त्या चढावर काय करील, हे त्या शोरूममध्ये फक्त मला सांगता आलं असतं. आयटीआय मी त्यासाठीच केलं होतं.

आठ दिवसांनी मी पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आरं, आधी कळलं आसतं तर मोठी घेतली आसती की."

मी म्हणालो, "आजच आलंय."

घाट फार मोठा नाही. चार वळणं. पण ती शंभरची गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत चढायची. उन्हाळ्यात सकाळी नऊलाच अंग भाजायचं. अर्ध्या घाटात इंजिन तापून थांबवावं लागायचं, आणि तेवढ्यात दूध नासायचं. वरच्या केंद्रावर नळीत थोडंसं दूध तापवून बघत. फुटलं की अख्खं कॅन परत. लोकांनी छावणीत बसून काढलेलं दूध तो परत खाली आणायचा आणि बायाबापड्यांच्या शिव्या खायचा. कॅनवर ओलं पोतं टाकायचा, पण पोतं भिजवायला पाणी कुठलं? प्यायच्या कळशीतलं वापरलं म्हणून त्याची बायको त्याच्यावर ओरडायची. म्हणून तो गाडी थांबू देईना. क्लच अर्धा दाबून, इंजिन ताणून चढवायचा. दोनदा प्लेटा जळाल्या. दोन्ही वेळा मीच बदलल्या. जळक्या क्लच प्लेटचा वास हाताला दोन दिवस राहतो.

तिसऱ्यांदा प्लेटा गेल्या त्या घाटाच्या तिसऱ्या वळणावर. गाडी मागं घरंगळायला लागली. त्यानं डावा पाय टेकला. गाडी त्याच बाजूला कलंडली आणि भरलेलं कॅन घोट्यावर आलं. एका टेंपोवाल्यानं त्याला केजला आणलं. हाड जुळलं, पण घोटा वळायचा राहिला तो राहिलाच. मेंढरामागं जायचं बंद झालं. मेंढरं पुढं विकली.

त्या महिन्याच्या सभेचं इतिवृत्त मी माझ्या हातानं लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे. तो घरी खाटेवर होता, त्यामुळं सभेला नव्हता. चेअरमननी विचारलं, "कशामुळं झालं म्हणायचं?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "हाफ क्लचवर चालवायची सवय होती त्याला. मी कितीदा सांगितलं." आणि तेच लिहिलं.

पुढच्या पावसाळ्यात जनावरं घरी गेली, ती निम्मीच. संस्था हळूहळू बंद पडली. सभेला कोरम होईना. मी केजला दुकान टाकलं. इतिवृत्ताची वही माझ्या घरी राहिली, ट्रंकेत.

तर, त्या पोरीला चारशेची सांगून मी गुणगुणत घरी गेलो होतो.

चार दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी मोबाइल काढला नाही. स्टुलावर बसली.

"काका, बीडला जाऊन बसून आले चारशेवर."

"मग?"

"पाय पुरत न्हाई. नुसते चवडे टेकतेत. आन् वजन! मुरमावर एकदा कलली तर माझ्यानं सावरायची न्हाई. माझं निम्मं काम मुरमावर. कॅन मागं बांधलेलं. शोरूमवालाच म्हणला, ताई, हिची सर्व्हिसिंग इथं न्हाई व्हायची, औरंगाबादला न्यावी लागंल." ती थांबली. "तुमी तर सगळ्या केजला ॲव्हरेज सांगता. मला एका शब्दानं बी इचारलं न्हाई, कुठं चालवणार, काय वाहणार. मला कावून मोठी सांगितली?"

मी म्हणालो, "चांगली आहे म्हणून."

"आसं न्हाई, काका. कायतरी हाय."

जनावरांत काम करणाऱ्या माणसाला मुक्यानं उभं राहिलेल्या जनावराचं दुखणं ओळखावंच लागतं. ती माझ्याकडं तशी बघत होती. दुकानात एक गिऱ्हाईक चेन घ्यायला आलं होतं, त्याला मी चेन दिली. मग शटर अर्ध्यावर ओढलं आणि तिला म्हणालो, "तुझ्या अप्पाकडं चल. मी घरून एक वही घेऊन येतो."

गिरणी चालू होती. एका बाईची बाजरी दळत होती, ती डबा ठेवून गेली होती. तो उंच स्टुलावर बसून एका हातानं धान्य ढकलत होता. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. मला बघून ओरडला, "या, सेक्रेटरी! आज इकडं कसं काय? पीठ संपलं का मालकिणीनं हाकललं?"

मी पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणालो, "बोलायचं होतं."

"दळण संपू दे."

दळण संपेपर्यंत मी पोत्यावर बसलो. ती दारात उभी राहिली. बाजरीच्या गरम पिठाचा वास. तेवढा वेळ मला परत जायला पुरेसा होता आणि मी गेलो नाही, याचं श्रेय मला नको. ती दारातच उभी होती.

मोटर बंद झाली. मी सांगितलं. खिशातलं पत्र सांगितलं, काच सांगितली, "पाटील दिसायलास" सांगितलं, आणि मला काय वाटलं तेही. "आजच आलंय" म्हणालो ते खोटं होतं, हे सांगितलं. मग वही उघडून तो ठराव वाचला. "वाहतूकदाराने निष्काळजीपणे वाहन चालविल्याने अपघात होऊन संस्थेचे दूध व वाहन यांचे नुकसान झाले. सबब त्यांचे काम बंद करण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर."

तो चाळणीतला कोंडा बोटानं गोळा करत बसला.

"मला वाटायचं माझंच चुकलं," तो म्हणाला. आवाज साधा होता. "हाफ क्लच. तूच म्हणलतास न्हवं, क्लच दाबून चालवू नको. मला वाटलं, सेक्रेटरी सांगत होता आन् आपुन ऐकलं न्हाई, भोग आता. हिला गाडी शिकवली तवा क्लचवर बोट ठिवलं की काठी मारायचो बोटावर. इचार तिला."

डाव्या हाताची बोटं तिनं नुसती दुसऱ्या हातात धरली.

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्याऐवजी हे ऐकलं. पाय मोडला हे मला माहीत होतं, ते रोज दिसत होतं. पण इतकी वर्षं तो माझा गुन्हा स्वतःचा समजून बाळगत होता, हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

तीच मग बोलली. "म्हणून मला चारशे?"

"हो," मी म्हणालो. "तुझ्या अप्पाला द्यायची राहिली ती तुला देत होतो."

"म्हणजे ह्या बारीला बी गाडी आमची न्हवतीच," ती म्हणाली. "तुमचीच होती."

तेव्हा माझ्या मत्सरानं छोटी गाडी निवडली होती, आता माझ्या पश्चात्तापानं मोठी निवडली. दोन्ही वेळा चालवणाऱ्याला मी काही विचारलंच नव्हतं.

त्यानं वहीकडं हात केला. "ते पुढच्या सभेत कायम झालं का?"

सहकारातल्या माणसालाच हा प्रश्न सुचेल. कुठल्याही संस्थेच्या सभेत विषय क्रमांक एक ठरलेला असतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागच्या वेळी जे लिहिलं ते पुढच्या सभेत मोठ्यानं वाचायचं, कुणाची हरकत नसेल तर ते कायम. आम्ही वही चाळली. त्या ठरावानंतर कोरी पानं होती. पुढची सभा कोरमअभावी झालीच नव्हती.

"मंग कायम न्हाई झालं," तो म्हणाला.

"नाही."

"मी सभासद हाय अजून?"

"संस्थाच राहिली नाही."

"ते मला म्हाईत हाय बे. मी सभासद हाय का?"

"आहेस."

"माझी हरकत हाय. लिव."

वहीत खोडाखोड चालत नाही, आणि दोन माणसांची सभा होत नाही, हे मी त्याला सांगितलं. सांगताना माझी मलाच लाज वाटली, पण सवय. तो म्हणाला, "मंग दुसरीकडं लिव. हे लिहायला जमलं तुला, तसं ते बी लिव. समदं. पाटील दिसायलास ते बी." म्हणून हे लिहिणं. वहीही आता त्याच्याकडंच आहे, गिरणीत, पिठाच्या डब्याच्या वर.

त्यानं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. बाई डबा न्यायला आली, त्यानं पीठ मोजून दिलं. मग मला म्हणाला, "आता हिला नीट सांग. कोणती घ्यायची."

मी पोत्यावरच बसून तिला विचारायला लागलो. जे एकदा शोरूममध्ये विचारायला हवं होतं ते. रोज किती फिरते? मागं काय काय बांधते, भरलेल्या कॅनचं वजन किती? कधी कुणाला डबलसीट घेते का? डांबर किती, मुरूम किती, नुसती पायवाट किती? सगळ्यात उभा चढ कोणता, आणि तो चढताना गाडीवर जास्तीत जास्त किती ओझं असतं? पाय कुठवर पुरतो? गाडी पडली तर एकटीनं उचलता येईल का? बंद पडली तर कुठला मिस्त्री हात लावील?

ती एकेक सांगत गेली. तो मध्येमध्ये तिची चूक काढत होता. "दोन वस्त्या? आगं, गेल्या आयतवारी पाच केल्यास." मग मी सांगितलं ते असं. दीडशेची रिकामी चालेल, हलकी आहे, पण कॅन आणि डबलसीट घेऊन घाटात ताणावी लागेल, आणि ताणलेलं इंजिन मी पाहिलं आहे. चारशेची ताकद तिला लागणार नाही. उन्हात वस्ती ते वस्ती हळू चालवताना ती मांड्या भाजून काढील, आणि पडली तर रस्त्यातून कुणी जाईपर्यंत तिथंच. दोनशेची घ्यावी. इंजिन हळू फिरताना, म्हणजे खालच्या फेऱ्यांवर, ओढ आहे का ते मात्र पाहायचं. कागदावरचा ताकदीचा मोठा आकडा वरच्या फेऱ्यांचा असतो, चढावर तो कामाला येत नाही. सीट थोडी खाली घेता येते. आणि गुळगुळीत टायर मुरमावर दगा देतात, ते झिजले की खाचांचे टाकायचे. शर्यतीत कुठं जायचंय?

"आन् किती देती?" त्यानं विचारलं.

मी दचकून त्याच्याकडं बघितलं. त्याचा चेहरा सरळ होता, मिशीखाली काय होतं ते कळलं नाही.

"आधी भरून बघू," मी म्हणालो. "मग सांगतो."

पुढच्या आठवड्यात शोरूमवाला चाचणीसाठी गाडी घेऊन आला. मी त्याला शोरूमच्या दारातल्या चकरेवर भागवू दिलं नव्हतं. आम्ही घाटाच्या पायथ्याशी जमलो, सकाळी दहाला, ऊन चढल्यावर. मी म्हणालो, "रिकामी चालवायची नाही. ओझं टाकून चालवायची." नायट्रोजनचं कॅन तिनं आणलं होतं. आणखी वजनाला मी पाण्याचा ड्रम आणणार होतो.

"ड्रम कशाला?" तो म्हणाला. "मी हाय की."

त्या घाटात तो पुन्हा कधी दुचाकीवर बसला नव्हता. एसटीनं जायचा. शोरूमवाला म्हणाला, "बाबा, उंच आहे हं." तो म्हणाला, "मेंढरं राखलीत मी, उंटावर बी बसलोय, तू किल्ली दे." कॅन पुढं टाकीला टेकवून बांधलं. मी त्याला काखेत धरून वर चढवलं. वळत नसलेला पाय आधी टाकावा लागला, फूटरेस्टवर बसेपर्यंत मी तो हातानं धरला. इतक्या वर्षांत त्या घोट्याला मी पहिल्यांदा हात लावला. हाडाचा गठ्ठा झाला होता.

ती त्याला घेऊन वर गेली. मी खाली, बाभळीपाशी उभा राहिलो. गाडी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. पहिलं वळण, आवाज पडला, तिनं दुसरा गिअर टाकला. दुसरं वळण, दुसराच. मी तिसऱ्या वळणाची वाट बघत होतो. शोरूमवाला काहीतरी हप्त्यांचं सांगत होता, मी त्याला हातानं गप्प केलं. तिसऱ्या वळणाला आवाज थोडा जड झाला, पण ताणला नाही. एकसारखा वर गेला. मग माथ्यावर जाऊन बंद झाला.

बराच वेळ ती दोघं खाली आली नाहीत. अर्धा तास झाला असेल. शोरूमवाला घड्याळ बघायला लागला. मला वाटलं, गाडी बंद पडली. मग वाटलं, तो वर बसून मला शिव्या देत असेल, देऊ दे.

आली तेव्हा त्याच्या मिशीला चहा लागला होता. वर, बंद पडलेल्या केंद्रासमोर, आता हॉटेल झालंय म्हणे. मी त्याला उतरवायला पुढं झालो. त्यानं माझ्या खांद्यावर भार टाकला आणि खाली आला.

"दोनशे पुरं हाय," तो म्हणाला. "मधे कुठं पाय टेकावा लागला न्हाई."

ती हेल्मेट काढत म्हणाली, "अप्पा, वर जाताना तुमी माझ्या डाव्या हाताकडंच बघत व्हता. आरशात दिसत व्हतं मला."

"बघत व्हतो," तो म्हणाला. "क्लच धरलाच न्हाईस."

मग माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "सेक्रेटरी, ह्या गाडीवर तू कवा बसणार? का आमीच बसायचं?"

शोरूमवाल्यानं किल्ली पुढं केली. मी बसलो नाही. म्हणालो, गाडी तिची आहे, ती म्हणेल तेव्हा बसेन. ती अजून काही म्हणालेली नाही. परवा दुकानात ऑइल घ्यायला आली होती. लिटरला किती देती ते तिनं स्वतःच सांगितलं, कॅनसकट, घाटासकट. मी तो आकडा काउंटरमागच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला आहे. कुणी विचारलं की आधी तोच दाखवतो.